मार्कंडची माय

मार्कंडच्या मायसमोर तिच्या पोराला कोणी ‘मारक्या’ म्हटलं, की ती हातातलं काम टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहायची. समोर सरपंच असो की गावचा जावई, तिला फरक पडत नसे. “अर्धं नाव घेतलं त आयुष्यही अर्धंच लागते त्याले. पुरं घे. जीभ झिजून राह्यली काय तुही?” समोरचा हसत हसत पुरं नाव घ्यायचा, तेव्हाच ती बाजूला व्हायची. आमच्या गावात बाकी सगळ्यांची नावं तासलेली. ज्ञानेश्वरचा ज्ञान्या, पुरुषोत्तमचा पुरश्या, आणि ज्यांना मी मोठ्या कौतुकानं चंद्रशेखर म्हणून वरलं, ते इथे येऊन पाहते तर चंद्र्या. पुरं नाव एकाच पोराचं होतं, कारण त्या नावावर राखण होती.

कुरखेड्याहून आत, धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथे आमचं गाव. मी सून म्हणून आले आणि वर्ष-दोन वर्षांत अंगणवाडीची बाई झाले. मार्कंडची माय माझी शेजारीण. मधे फक्त काट्यांचं कुंपण, आणि तेही तिनं बोलायला एका जागी पाडून ठेवलेलं. तिचा नवरा शालिकभाऊ फार बोलत नसे. त्याच्या वाट्याचंही तीच बोलून टाकायची.

मार्कंडच्या आधीचे तिचे दोन मुलगे गेले होते. पहिल्याचं नाव आजोबांनी हौसेनं ठेवलं होतं. तो चालायला लागला आणि गेला. दुसऱ्याच्या वेळी म्हाताऱ्या बायांनी सांगितलं, मरणाला हाव सुटेल असं नाव ठेवू नको. म्हणून त्याला उकिरड्यावर ठेवून सुपात उचलून घेतला आणि दगडू नाव दिलं. दगडूही गेला. तिसऱ्याच्या वेळी त्याच बाया पुन्हा केरबा, भिकाजी अशी नावं घेऊन आल्या, तेव्हा हिनं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मला एकदा म्हणाली, “लपून पाह्यलं, बाई. दगडाच्या मागं लपवला तरी सापडला त्याले. आता म्हटलं लपनं बंद. भांडनारं नाव ठेवू.”

आणि बाळंतपणाचा महिना सरताच ती तान्हं बाळ घेऊन वैनगंगेच्या काठावर मार्कंडा गावी, महादेवाच्या देवळात गेली. देवासमोर पोराला जमिनीवर ठेवलं आणि तिथलंच नाव उचलून आणलं.

हे नाव आमच्या भागात अगदीच अनोळखी नाही. वैनगंगेकाठच्या म्हाताऱ्यांत एखादा मार्कंड सापडतो. पण तरुण पोरांत नाही. बाहेरच्यांना तर ते आडनावच वाटतं. ऋषीच्या पोटी सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन मुलगा जन्मतो, यम फास घेऊन येतो, मुलगा महादेवाच्या पिंडीला मिठी मारतो आणि मरण हात हलवत परत जातं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. मार्कंडची माय ती सांगायची तेव्हा मात्र महादेवापेक्षा त्या मुलाच्या आईवर जास्त घसरायची. देवानं त्या आईबापांना विचारलं होतं म्हणे, शहाणा पण थोड्या आयुष्याचा मुलगा देऊ की मठ्ठ पण म्हातारा होणारा? त्यांनी शहाणा मागितला. “काय बेअक्कल बाई होती! मी असतो त म्हटलं असतं, देवा, मठ्ठ दे, नकटा दे, बोबडा दे, पन म्हातारा होऊ दे. शहानपन काय चाटाचं हाय?”

तिचा मार्कंड मठ्ठ नव्हता, हीच पंचाईत. हुशार, हसरा, आईच्या नकला करणारा. पण तपासणीत त्याच्या रक्तात सिकलसेल निघाला. आमच्या जिल्ह्यात ज्या घरात हा आजार नाही त्या घरानं दिवा लावावा. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात तो अर्धा अर्धा होता, पोराच्या वाट्याला पुरा आला. आधीचे दोघे कशानं गेले असतील तेही तेव्हाच कळलं. मी तिला सांगितलं, “नाव कोणतंही ठेव, माय, पण गोळी चुकवू नको.” ती चिडली. “मी काऊन चुकवू? नाव देवाचं, गोळी सरकारची. दोघंही लागू देत कामाले.” आणि तिनं खरंच कधी गोळी चुकवली नाही. पोराला पाणी पाजत राहायची, उन्हात जाऊ द्यायची नाही, थंडीत अंगावर दोन दोन शाली. मोहफुलं वेचायला गेली तरी पाण्याची बाटली देऊन त्याला सावलीला बसवून ठेवायची. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक म्हणाले, अडाणी बाई नावाच्या भरवशावर राहिली. खोटं आहे ते.

दुखणं उठलं की तो रात्र रात्र कण्हायचा. ती त्याचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसायची आणि त्याला त्याच्याच नावानं हाका मारायची. रागानं, लाडानं, दटावून. कुंपणापलीकडून मला ते ऐकू यायचं. दर महाशिवरात्रीला मायलेक मार्कंड्याच्या जत्रेला जात. तिथे ती काही मागत नसे म्हणायची, फक्त पोरगा दाखवून आणायची.

त्याचं सोळावं वर्ष तिनं कसं काढलं ते तिलाच ठाऊक. हसणं बंद, भांडणसुद्धा बंद. ते वर्ष पार पडलं आणि तिनं गावाला जेवण घातलं. भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. शालिकभाऊ त्या दिवशी स्वतःहून दोन वाक्यं बोलला असं लोक सांगतात.

आणि मग नावाला असा भाव आला की विचारू नका! ज्यांची लेकरं दुखणाईत, ज्यांची कूस एकदा रिकामी झालेली, त्या बाया तिच्याकडे येऊ लागल्या. कोणाच्याही बारशाला पहिलं बोलावणं तिला. माझ्या अंगणवाडीत एका वेळी तीन मार्कंड झाले. खिचडीच्या वेळी ती दारात यायची, “मार्कंड!” म्हणून हाक टाकायची आणि तिन्ही माना एकदम वळल्या की पदर तोंडाला लावून हसायची. इतकं सुखी माणूस मी फार कमी पाहिलं आहे.

मार्कंड कुरखेड्याला आयटीआयला जाऊ लागला. एका हिवाळ्यात मित्रांबरोबर वडशाकडे नाटक पाहायला जातो म्हणाला. आमच्याकडे नाटक म्हणजे रात्रभराचा कारभार. एरवी तिनं पाय धरून बसवलं असतं. पण सोळा सरले होते, तिची भीती सैल झाली होती. स्वेटर, मफलर, शाल सगळं घालून तिनं त्याला पाठवलं. तिसऱ्या दिवशी छातीत दुखू लागलं. कुरखेड्याचा दवाखाना झाला, तिथून गडचिरोली. डॉक्टर म्हणाले, हे घरी बसूनही होऊ शकलं असतं. मी सोबत होते. ती खाटेजवळ उभी राहून त्याला पुऱ्या नावानं हाका मारत होती, आणि एका हाकेनंतर नर्सनं तिचा हात धरला.

परतताना गाडीत ती रडली नाही. मला म्हणाली, “सोळाचंच बोलनं झालं होतं, बाई. पुढचं मी मागतलंच नाई.”

 

चौदावा झाला आणि अंगणवाडीतल्या तिघा मार्कंडांपैकी एकाची आई माझ्याकडे आली. पोराचं नाव बदलून लिहा म्हणाली. मोबाइलवरून काढलेलं कुठलंसं गुळगुळीत नाव होतं, तिलाही धड उच्चारता येत नव्हतं. मग दुसरी आली, मग तिसरी. मी कोणावर रागावू? आजारी लेकरू कुशीत असलं की माणूस कशालाही भितं. पोरांना बजावून ठेवलं होतं, जुन्या नावानं हाक आली तर ओ द्यायची नाही. पुढे ते नावच गावातून उठलं. लोक ‘तो शालिकचा पोट्टा’ म्हणत. आणि तिला काय म्हणावं हेच कोणाला कळेना, कारण जन्मभर सगळे तिला मार्कंडची माय म्हणत आले होते. ‘ओ बाई’, ‘ओ काकी’ असं काहीतरी पुटपुटत. एकदा विहिरीवर तिनं सगळ्यांना थांबवून विचारलं, “पोट्टा मेला माहा. मी त्याची माय राह्यलो नाई काय?” बाया घागरी उचलून चालू लागल्या.

त्यानंतर मी रोज सकाळी कुंपणातून ओरडते, “काय मार्कंडची माय, चहा झाला काय?” ती “झाला” म्हणते. बस, एवढंच. पण माझा एकटीचा आवाज तो केवढा, आणि घरात शालिकभाऊ तर आता अजिबातच बोलत नाही.

गेल्या महाशिवरात्रीला ती सकाळीच लुगडं बदलून निघाली. मला बरं वाटलं, देवाशी धरलेला अबोला सोडला असेल. मलाही जत्रेला जायचंच होतं, म्हणून सोबत निघाले. कुरखेड्याच्या स्टँडवर जत्रेच्या जादा गाड्या लागल्या होत्या. पहिली गाडी भरली, ही बाकावरून उठली नाही. दुसरीला मी तिचा हात ओढला, तिनं सोडवून घेतला. “मले नाई जायचं तिथं. काय दाखवू देवाले नेऊन?”

“मग आलीस काऊन?”

तिसरी गाडी लागली. कंडक्टर पायरीवर लटकून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडू लागला, “मार्कंडा! ए मार्कंडा! चला मार्कंडा!” मार्कंडच्या मायनं डोळे मिटून घेतले. तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. गाडी धूळ उडवत निघून गेली तेव्हा तिनं डोळे उघडले.

“किती मोठ्यानं नाव घेते, पाह्यलं?” ती म्हणाली. “त्याले कोनी सांगतलंच नाई वाटते.”

मी तिच्याशेजारी बसले. पुढची गाडी यायला अजून वेळ होता.