तांबूचं तूप

फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. भाच्याचा फोन होता. “मामा, आई गेली,” एवढंच म्हणाला. त्यावर मी काय बोलायला हवं होतं कोण जाणे, पण मी विचारलं, “काही खाल्लं होतं का तिनं?” तोही बिचारा उत्तर देत बसला. “सखूकाकीनं पेज आणलेली. दोन घास खाल्ले. मग झोपली ती झोपलीच.” सखूकाकीनं पेज आणली होती आणि बायनं ती खाल्ली होती… फोन ठेवल्यावर बाय गेली हे मनात उतरायच्या आधी हे उतरलं, आणि मला हायसं वाटलं. सख्खी बहीण गेल्याचं कळताच माणसाला हायसं का वाटावं, ते आज सांगतो. आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं घर मुरबाडकडचं. आई दिवसभर शेतावर असायची, त्यामुळे मला कडेवर घेऊन वाढवलं ते बायनंच. तिचं लग्न होऊन ती शेणव्याच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या गावात गेली, आणि पुढं मी शहापूरला कॉलेजात गेलो तेव्हा तिच्याकडेच राहिलो. घर एकत्र होतं. दाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ, त्या भावाची बायको सखू, सगळ्यांची चूल एक. सखू बायपेक्षा लहान, तोंडानं फटकळ आणि हसरी. दोघी जावा भात लावताना शेजारी शेजारी उभ्या राहायच्या आणि एकमेकींच्या सासूची नक्कल करायच्या. सासू एकच होती, ती बांधावर बसून ऐकायची.

बायची तेव्हा एक गाय होती, तांबू. अंगानं एवढीशी, शिंगं आखूड, डोंगर चढायला शेळीसारखी. दूध द्यायची ते लोटाभर. पावसाळ्यात ती गुरांबरोबर सकाळीच डोंगराला जायची, कोवळं गवत आणि झुडपांचा पाला खाऊन भरल्या पोटानं यायची. त्या दिवसांतलं लोणी पिवळं असायचं आणि तूप तर झेंडूच्या पाकळीसारखं. उन्हाळ्यात तीच तांबू भाताच्या पेंढ्यावर राहिली की तूप फिकट व्हायचं. आज मी कुणालाही सांगू शकतो की हिरव्या चाऱ्यातला पिवळा रंग गाईच्या दुधातल्या स्निग्धांशात उतरतो, आणि हिरवं खाणाऱ्या गाईचं तूप मऊ राहतं, थंडीतही दगड होत नाही. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की बाय तूप कढवून, गाळून गार झालं की मला हाक मारायची. “हात पालता कर,” म्हणायची. बोटाच्या टोकावरचं तूप माझ्या पालथ्या हातावर ठेवायची आणि बघत राहायची. ते बघता बघता विरघळायचं, ओघळायला लागायचं. “चाट लवकर, जमिनीला घालतोस का?” असं म्हणून हसायची. मी कॉलेजात जाणारा, मिशी फुटलेला. तरी हात पुढं करायचो.

शिकून मी कल्याणला एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत लागलो. नव्वदनंतरची दोन-चार वर्षं असतील. पांढरा कोट मिळाला आणि त्याबरोबर शहाणपणही. तांबूला सांभाळण्यात काय अर्थ आहे, असं मला वाटायला लागलं. मीच बायच्या मागं लागलो, दाजींना पटवलं आणि त्यांच्या गोठ्यात एक काळीपांढरी संकरित गाय आणून बांधली. तांबूला म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत विकलं. बाय जत्रेला आली नाही. फक्त त्या वर्षीच्या पावसाळ्यातलं तांबूचं थोडं तूप तिनं एका लहान बरणीत भरून, तोंडाला फडकं बांधून फळीवर ठेवून दिलं. जुनं तूप औषधाला होतं, म्हणाली.

नवी गाय डोंगर चढणारी नव्हती. दावणीला उभी राहायची आणि खायची. तिला दूध यावं म्हणून सरकीची पेंड मी स्वतः कल्याणहून पाठवायचो. दूध आलं, भरपूर आलं. पण ते पातळ होतं, आणि त्याचं तूप पांढरट. थंडीत तर मेणबत्तीसारखं घट्ट व्हायचं, चमचा वाकायचा. एकदा बायनं सवयीनं ते माझ्या पालथ्या हातावर ठेवलं. ते बसून राहिलं. तिनं बोटानं चोळलं तेव्हा कुठं सुटलं. “ह्याला मानसाची ऊब कलत नाय रे,” ती म्हणाली. मी तिला स्निग्धांशाचे आकडे सांगितले. ती ऐकत राहिली. माझा भाऊ लॅबात आहे, असं ती गावभर सांगायची.

कल्याणच्या एका मिठाईवाल्याला मी तिचं तूप द्यायचं ठरवलं. तो म्हणाला, तुम्हीच तपासून आणा, तुमच्यावर विश्वास आहे. मी एका संध्याकाळी सगळे गेल्यावर तपासलं. तुपात सरकीचं तेल मिसळलेलं असेल तर नळी तापवल्यावर आतलं मिश्रण लाल होतं, अशी एक चाचणी असते. मी ती करायला घेतली ती कौतुकानं, बहिणीचं तूप कसं शुद्ध आहे हे बघायला. नळी लाल झाली. पुन्हा केली. पुन्हा लाल.

पुढच्याच रविवारी मी गेलो. बाय ओटीवर भात पाखडत होती. मी तिला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं, पण मी तिथंच विचारलं. “बाय, तुपात तेल कसं काय गेलंय?”

“कसलं तेल?”

“सरकीचं.”

तिचं सूप थांबलं. त्या घरात सरकीचं तेल एकच माणूस आणायचं. आठवड्याच्या बाजारातून सुटं तेल आणायचं काम सखूचं होतं, स्वस्त पडतं म्हणून ती तेच आणायची. बायनं आत बघून हाक मारली. “सखू, माज्या लोन्यात काय वतलंस गो?”

सखू हात पुसत बाहेर आली, हसतच. “मी कशाला वतू? तेल काय आमच्या विहिरीला लागलंय?” मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी हसत नव्हतो. तिचं हसू तसंच ओठावर राहिलं आणि मग गेलं. “भाऊ, तुमी तरी सांगा,” ती म्हणाली.

मी काय सांगितलं? मी म्हणालो, “नळी खोटं बोलत नाही, सखूताई.”

भांडण मोठं झालं नाही. मोठं झालं असतं तर बरं झालं असतं, भांडून मोकळ्या झाल्या असत्या. बायनं लोण्याचं मडकं आपल्या खोलीत नेलं. मग तेलाचा डबा वेगळा झाला, मग पीठ, आणि एक वर्ष जायच्या आत चूल वेगळी झाली. अंगणात कुडाची भिंत आली. तूप विकायचं बायनं त्याच दिवसापासून सोडलं. दाजी गेले तेव्हा सखू येऊन बसली, रडली, पण चहा न घेता उठली.

ह्या सगळ्यानंतर काही वर्षांनी आमच्या प्रयोगशाळेत एक नवीन मॅडम आल्या. एकदा एका नमुन्यावर मी “भेसळ” असा शेरा मारत होतो, तेव्हा त्या मागून सहज म्हणाल्या, “थांबा, जनावर सरकी खात असेल तरी लाल येतं. चाऱ्यातलं तुपात उतरतं. गाय काय खाते ते आधी विचारा.” एवढं बोलून त्या पुढं गेल्या. मी नळी हातात धरून उभा राहिलो. नळी खोटं बोलली नव्हतीच. तुपात सरकी होती. पण ती डब्यातून आली नव्हती, गाईच्या पोटातून आली होती. आणि ती पेंड मी पाठवली होती. ज्या माणसानं गाय आणली, पेंड आणली, त्यानंच येऊन विचारलं होतं, तुपात तेल कसं काय गेलंय.

बायला जाऊन सांगणं काही अवघड नव्हतं. महिनाभर पेंड बंद करायची, तूप काढायचं आणि त्याची नळी दोघी जावांसमोर धरायची, एवढंच होतं. पण मी गेलो की बाय शेजारणीला म्हणायची, “माजा भाऊस आला, लॅबातला.” आणि माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आता इतकी वर्षं झाली, दोघींना सवय झाली असेल, जखमेवरची खपली कशाला काढा… असं मी स्वतःला सांगत राहिलो. मला फक्त माझा पांढरा कोट सांभाळायचा होता.

एकदा अगदी सांगायच्या बेतात होतो. भाऊबीजेसाठी गेलो तो चार-पाच दिवस आधीच पोचलो. वाघबारस होती. त्या दिवशी त्यांच्याकडे दूध कुणी विकत नाही. गुराखी घरोघर फिरून दूध आणि तांदूळ गोळा करतात आणि जंगलाच्या कडेला वाघोबापुढं खीर शिजवतात. गुरांना सांभाळ, एवढंच मागणं. बाय आपल्या दुधाचा तांब्या घेऊन निघाली, कुडापलीकडून सखू आपला घेऊन निघाली. दोघी एकाच पायवाटेनं, मागंपुढं, न बोलता. तिथं सगळ्यांचं दूध एकाच पातेल्यात गेलं. मी बघत होतो, बायचं दूध पडलं आणि त्यावर सखूचं. पातेल्यात कुठलं कुणाचं ते उरलं नाही. येताना मी म्हणालो, “बाय, तुला एक सांगायचं होतं…”

“काय रे?”

सखू पुढं चालत होती. तिची पाठ दिसत होती. मी म्हणालो, “खीर छान झाली होती.”

“तुला खायाचाच सुचतो,” बाय म्हणाली.

बायचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुडापलीकडं गेलो. सखूताई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गाय, पेंड, नळी, मॅडम, आणि मी गप्प राहिलो तेही. त्या खाली बघून ऐकत होत्या. ताटातला खडा उचलून त्यांनी बाहेर टाकला.

“मंजे भेसल गायनं केली,” म्हणाल्या, आणि खरंच हसल्या. मग हसणं थांबलं. “मला तेलवाली बोलायचे रे भाऊ. पोरंसुदा. आता सांगतोस होय?”

त्यांनी ताट पुढं ओढलं.

“आजारात ती माज्या हातची पेज खायची,” तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या. “पन मी वर तूप घालाया गेली तर हात धरायची. नको, पचत नाय बोलायची.” मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. “पचतच नसल ना?”

खरं काय ते मला माहीत नाही. ते बायलाच ठाऊक होतं. “माहीत नाही, सखूताई,” मी म्हणालो. त्या घरात मला माहीत नाही असं मी पहिल्यांदाच म्हटलं.

त्या उठल्या आणि कुडाला वळसा घालून बायच्या घरात गेल्या. किती वर्षांनी त्या पेज पोचवायला नव्हे तर हक्कानं फळीपर्यंत गेल्या असतील… येताना त्यांच्या हातात ती फडकं बांधलेली बरणी होती. एका वाटीत त्यांनी अर्धं तूप काढून घेतलं, वास घेतला, नाक मुरडलं. “खवाट झालाय,” म्हणाल्या. “तरी पेजंवर घालीन.” उरलेलं तूप बरणीसकट माझ्या हातात दिलं.

आता ती आमच्या स्वयंपाकघरात आहे, बाजारच्या तुपाच्या डब्याशेजारी. परवा सकाळी चांगली थंडी होती. डब्यातलं तूप बसलं होतं, बायको चमचा गॅसवर धरून ते खरवडत होती. मी बरणीचं फडकं सोडलं. तांबूचं तूप अजून पिवळं आहे, दाणेदार, बोट सहज आत जातं. थोडंसं काढलं आणि माझ्याच पालथ्या हातावर ठेवलं. “काय करताय?” बायकोनं विचारलं. मी उत्तर देईपर्यंत ते विरघळून मनगटापर्यंत आलं होतं.