बॅनरवरचं शिखर

आमच्या वरच्या क्वार्टरमधली बाई कारखान्यात क्रेन चालवते आणि सुट्ट्या साठवून एकटीच हिमालयात डोंगर चढायला जाते. सरावासाठी पाठीवर विटांची पिशवी घेऊन ती जिना चढते-उतरते. मी वाटेत आले की ती भिंतीला टेकून म्हणते, "या ताई, तुमी आधी." माझ्या पोरीलाही तिच्यासारखं एकटीनं जायचं आहे. मी भीतीनं नाहीच म्हणत आले.

या खेपेला ती परत येण्याआधीच विहारातल्या मंडळींनी बॅनर छापलं, 'शिखर सर केल्याबद्दल अभिनंदन'. सत्काराला तिनं माईक घेतला.

"मी वर नाही पोचली. जरासंच राहिलं होतं, पन वारा सुटला, तं वापस आली."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "अवो बाई, बॅनर छपून गेलं न. पोचली म्हटलं तं कोनाचं काय जाते?"

माईक तिच्या हातातच होता. "समोर पोरी बसल्या आहेत, भाऊ. मी पोचली म्हटलं, तं उद्या ह्या तसल्याच वाऱ्यात पुढं जातील."

टाळ्या फारशा वाजल्या नाहीत. घरी आल्यावर मी पोरीला म्हटलं, "हिच्यापाशी शिकत असशील, तं जा."