होडीच्या पोटावरची टेंगळं

रेवदंड्यात होड्या बांधणाऱ्या एका सुतारकाकांच्या होडीची मापं घेऊन मी ती लॅपटॉपवर काढत होतो. दर वितीला एक बिंदू टाकला आणि सगळ्या बिंदूंतून वक्ररेषा नेली. होडीच्या पोटाला टेंगळं आली. आणखी बिंदू टाकले, तर टेंगळं वाढली. मी इंजिनिअर, त्यामुळे चूक होडीचीच असणार हे उघड होतं.

"काका, तुमची होडी वाकडी आहे."

त्यांनी स्क्रीन बघितली. मग फळीवर चार खिळे ठोकून त्यांना टेकवत एक लवचीक पट्टी वाकवली. पट्टी सुरेख वळली.

"तू लय खिळे मारलेस. पट्टीला वळायला जागाच न्हाय."

मी चार बिंदू ठेवून बाकीचे पुसले. रेषा गुळगुळीत झाली.

"आता बरोबर झाली होडी," मी म्हणालो.

"होडी मघाशीपण बरोबरच व्हती," काका म्हणाले.