युसुफभाईंच्या टाचेखालचा ठोकळा

गाडी परत गवतात गेली.

"बाई, इचं स्टिअरिंग खराब हाय," युसुफभाई म्हणाले.

"स्टिअरिंग चांगलं आहे जी. सकाळीच तपासलं मी."

"मंग वळत काऊन नाई? मी पुरं फिरवलं. हे तं सरळच चालली, सासरी चालल्यासारखी."

मागच्या बाकावर राइसमिलमधला फिटर देवाजी नंबर लावून बसला होता. तो म्हणाला, "भाई, मांगं नांगर जोडा ना. गवतात जाऊनच राह्यले, तं जमीन तरी तयार होईन."

युसुफभाई हसले, पण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. का, ते सांगते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी माझा टायपिंगचा क्लास होता. मशिनी गेल्या, कॉम्प्युटर आले, मग मीही कॉम्प्युटर घेतले. पण शिकणारे सकाळीच येत. संध्याकाळी कॉम्प्युटर नुसते झाकून ठेवायचे, हे काही मला बरं वाटेना. म्हणून एकाला स्टिअरिंग आणि पायाखालचे दोन पेडल लावून घेतले आणि त्यावर गाड्यांचा गेम टाकला. दोनच पेडल, गॅसचं म्हणजे ॲक्सिलरेटरचं, आणि ब्रेकचं. क्लच नाही. गिअर आपोआप पडतात. मी स्वतः आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही बरं का. पण त्या गेममध्ये 'सेटअप' नावाचं एक पान होतं. गाडीचा एक एक भाग तिथे आकड्यांनी कमी-जास्त करता येई. ते पान मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. एका वेळी एकच आकडा बदलायचा, गिऱ्हाइकाला गाडी चालवायला द्यायची आणि विचारायचं, "काय फरक पडला जी?" माझं सगळं शिक्षण असं झालं.

हळूहळू नाव झालं. चंद्रपूरच्या नंदूभाऊंनी मोठा गेम हॉल काढला, तेव्हा त्यांच्या मशिनीवरच्या गाड्यांचं सेटिंग करायला त्यांनी मलाच बोलावलं. एकदा ते म्हणाले, "बाई, माह्याकडं नवीन माणूस येते, सुपरकार घेते, पहिल्याच वळणावर गवतात जाते अन् चिडून उठून जाते. त्याच्या बाजूले बसून शिकवणारा एखादा पोक्त माणूस पाह्यजे."

मी युसुफभाईंचं नाव सांगितलं. वीसेक वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस. डावा गुडघा गेला. ट्रॅक्टरचा क्लच म्हणजे काही गंमत नाही, डॉक्टरांनी पुन्हा चढू नका म्हणून सांगितलं. तेव्हापासून साळ्याच्या, म्हणजे मेहुण्याच्या, बांगड्यांच्या दुकानात स्टुलावर बसायचे. "बाई, मले बांगड्याचा नंबर सांगता येत नाई अन् बायकाईच्या हाताकडं पाहता येत नाई. मी तिथी काय करू?" असं एकदा मला म्हणाले होते. माझ्या मशिनीला क्लच नव्हता. तिथे त्यांचा गुडघा अडत नव्हता.

नंदूभाऊंची अट साधी होती. "शनवारी मूलले येतो. लाल सुपरकार, डोंगरातला रस्ता, तीन फेऱ्या. गवताले चाक नाई लागलं पाह्यजे. टाइम किती बी लागू द्या. जो सोता गवतात जाते तो दुसऱ्याले काय शिकवन?"

आणि गाडी तर रोज गवतात जात होती.

मी सेटअपचं पान उघडलं. डिफरेन्शियलच्या लॉकचे आकडे पार वरती, पूर्ण.

"हे कोणी केलं?"

"मीच केलं," युसुफभाई म्हणाले. "लॉक लिवलं व्हतं ना तिथी. लॉक लावलं म्हणजे चाक घसरत नाई."

आता हे तुम्हाला समजावून सांगायला पाहिजे. आमच्याकडे धानाचा मुलूख. रोवण्याच्या आधी बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी भरून ट्रॅक्टरने चिखल करतात. चिखलात ट्रॅक्टरचं एक चाक फसलं की तेच भणभण फिरत राहतं आणि दुसरं उभं राहतं. मग ड्रायव्हर उजव्या टाचेखालचं एक लहान पेडल दाबतो. त्याने मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात, बरोबरीने फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. ते लॉक. आमच्या इकडच्या ड्रायव्हरला लॉक म्हणजे संकटातून सोडवणारी वस्तू. मग गेममध्ये तो शब्द दिसल्यावर माणूस दुसरं काय करणार?

पण डांबरी रस्त्यावर वळायचं असतं. मी म्हटलं, "युसुफभाई, खळ्यावर मळणी पाहिली ना?"

"पाह्यली म्हणजे? लहानपणी बैल मीच हाकलत व्हतो."

"मग सांगा, खांबाजवळचा बैल किती चालतो?"

"थो कायले चालते? जागच्या जागी पाय उचलते. भायेरचा धावते."

"आणि दोघांच्या पायाला पाय बांधले, की जेवढं एक चालेल तेवढंच दुसऱ्यानं चालायचं?"

"तं वळनच नाई. सरळ खळ्याच्या भायेर."

"तसंच. वळणात आतलं चाक कमी फिरलं पाहिजे, बाहेरचं जास्त. त्याची मोकळीक देणारी वस्तू म्हणजे डिफरेन्शियल. तुम्ही ती मोकळीकच काढून घेतली. म्हणून ती सरळ चालली."

"सासरी," मागून देवाजी म्हणाला.

मी ते आकडे पार खाली आणले. पूर्ण मोकळं. गाडी वळायला लागली, अगदी शहाण्यासारखी. पण वळणातून निघताना युसुफभाईंनी गॅस दिला, की आतलं हलकं झालेलं चाक भणभण फिरे, धूर निघे आणि गाडी काही पुढे जाईना. वरून आणखी एक उपद्रव सुरू झाला. उतारावरचं डावं वळण होतं, तिथे गाडीचा मागचा भाग फिरून पुढे येई. तोंड जिथून आलो त्या दिशेला आणि गाडी गवतात.

"पह्यले तोंडानं जात व्हती," युसुफभाई म्हणाले, "आता पाठीनं जाऊन राह्यली. बाप्पा, हे कसली गाडी!"

इंजिन मागे असलेल्या गाड्यांचं हे असंच असतं. वजन सगळं मागे. वळणात एकदम गॅस सोडला, की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट घसरतं. म्हणून त्या पानावर लॉकचा आकडा एक नसतो. एक गॅस देताना किती जखडायचं त्याचा. दुसरा गॅस सोडल्यावर किती, त्याचा. आणि तिसरा म्हणजे काहीही केलं तरी कायम राहणारी थोडीशी पकड. गॅसचा आकडा मी मध्यमच्या खाली ठेवला, म्हणजे आतलं चाक भणभणणार नाही आणि शेपूटही उसळणार नाही. सोडल्याचा त्याच्याहून थोडा जास्त, म्हणजे गॅस सुटला तरी मागची चाकं एकमेकांना धरून राहतील. कायमचा अगदी नावापुरता.

त्या दिवशी बाकीची सगळी वळणं सुधारली. पण उतारावरचं डावं वळण काही सुधारेना. दर फेरीला तिथेच गिरकी.

मी आकडे हलवून पाहिले. पुढचे टायर, मागचे टायर, स्प्रिंगा. काही नाही. शेवटी देवाजीला म्हटलं, "तू बस रे. हीच गाडी, काही बदलू नको."

देवाजी बसला आणि त्या वळणातून बिनबोभाट निघून गेला. एकदा नाही, दर वेळी. उठताना चेष्टा करायला त्याने तोंड उघडलं होतं, पण युसुफभाईंकडे पाहिलं आणि मिटलं. मला त्याचं बरं वाटलं.

युसुफभाई म्हणाले, "जाऊ द्या बाई. नंदूभाऊले फोन करून सांगा, मानूस नाई भेटला. मले बांगड्याच बऱ्या."

"शनिवार अजून उगवला नाही जी. बसा."

आता गाडी तीच, वळण तेच, आकडे तेच. मग फरक कुठे? फरक टेबलाच्या खाली. मी सरळ जमिनीवर बसकण मारली आणि त्यांचे पाय पाहत राहिले.

"अवो बाई, हे काय करून राह्यल्या? उठा, लोकं काय म्हणतीन!"

"लोकं देवाजीच आहे. तुम्ही चालवा."

डावं वळण आलं. स्पीकरमधून इंजिनचा आवाज चढला. चाक जरा घसरलं, की तसा आवाज चढतो. आणि युसुफभाईंचा उजवा पाय गॅसवरून उठला, मागे आला आणि टाच जमिनीवर दाणकन आपटली. परत गॅसवर गेला. गाडी तोवर गवतात.

"तुम्ही पाय काऊन उचलला?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मी? मी कुठी पाय उचलला?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मग मी क्लासमधला खडू आणला आणि त्यांच्या टाचेला चांगला घासला. आणखी थोडा वेळ चालवायला लावलं. नंतर त्यांना खाली वाकून पाहायला सांगितलं. पेडलच्या मागे, जिथे काहीच नव्हतं अशा जागी, पांढरे ठिपके उमटले होते. सगळे एकाच जागी.

युसुफभाईंनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "लॉकचं पेडल," ते म्हणाले. "माह्या ट्रॅक्टरचं. बरोब्बर तिथीच असते."

आवाज चढला म्हणजे चाक फसलं, चाक फसलं म्हणजे टाच मारायची. वीस वर्षं पायाने हेच केलं होतं. बांधीत त्याने ट्रॅक्टर सुटत असे. इथे त्याने गॅस एकदम सुटे, आणि शेपूट घसरायला तेवढं पुरे होतं.

"आता कळलं ना? मग नका उचलू पाय."

नाही उचलणार म्हणाले आणि पुढच्याच फेरीला उचलला. मग स्वतःच्याच पायाला शिवी घातली, माझ्यासमोर घातली म्हणून माफीही मागितली. तो पाय काही ऐकणाऱ्यातला नव्हता. मी विचार केला, याच्याशी भांडून शनिवारपर्यंत काही होणार नाही. याला जे हवंय तेच देऊन टाकू.

सुताराकडून सागाचा एक तुकडा आणवला. पेडल ज्या फळीवर बसवले होते, त्याच फळीवर तो ठोकळा ठोकला, गॅस पेडलच्या अगदी मागे. म्हणजे टाच कायम त्याच्यावर टेकलेली राहील आणि बोटं गॅसवर. टाच मारायची हौस आली तर मारा, पण बोटं पेडलवरून हलायची नाहीत. शिवाय लॉकचा गॅस सोडल्यावरचा आकडा आणखी थोडा वाढवला. पाय चुकलाच, तर गाडीने जरा सांभाळून घ्यावं.

युसुफभाईंनी ठोकळ्यावर टाच ठेवली, दोनदा दाबून पाहिली. "हां," म्हणाले. "आता गाडी पुरी झाली."

शनिवारी नंदूभाऊ आले. वीज जायच्या आत उरकायचं होतं, म्हणून चहासुद्धा नंतर. पहिल्यांदा स्वतःच बसले. दोन वळणं घेतली आणि तोंड वाकडं केलं. "बाई, तुमी गाडी झोपवून टाकली. शेपूट हलतच नाई. काही मजा नाई यात."

"तुमच्यासाठी नाही केली ती. युसुफभाई, बसा."

त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि गॅस दिला. पहिली फेरी स्वच्छ गेली. दुसरी स्वच्छ गेली. तिसऱ्या फेरीला उतार आला, पुढे डावं वळण. देवाजी बाकावरून उठून उभा राहिला. नंदूभाऊ स्क्रीनकडे पाहत होते. मी पायाकडे.

इंजिनचा आवाज चढला. टाच ठोकळ्यावर गच्च दाबली गेली, इतकी की फळी करकरली. पण बोटं गॅसवरच होती, जरा सैल, पण तिथेच. गाडीचा मागचा भाग थोडा सरकला, विचार केल्यासारखा थांबला आणि परत रांगेत आला.

गवत राहिलं बाजूला.

"धीरे चालवता तुमी," नंदूभाऊ म्हणाले.

"तुमीच म्हणलं ना, टाइम किती बी लागू द्या," युसुफभाई म्हणाले. त्यांनी कपाळ पुसलं.

नंदूभाऊंनी वाकून खाली पाहिलं. "हे काय हाय?"

"पेडल."

"कशाचं?"

"कशाचंच नाई."

नंदूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चहा घ्या, मग सांगते." ऐकून ते इतके हसले की चहा शर्टावर सांडला. मग म्हणाले, "सोमवारपासून या भाई. अन् तो ठोकळा संग आणा."

युसुफभाईंनी तो ठोकळा पिशवीत घालून चंद्रपूरला नेला. एस.टी.त कंडक्टरने विचारलं, तर म्हणाले, गाडीचा पार्ट आहे. पुढे हॉलमध्ये नवीन माणूस बसला, की युसुफभाई आधी त्याला विचारत, "याच्या आंधी काय चालवत व्हते?" कोणी ट्रॅक्टर म्हणे, कोणी मोहर्लीला जंगल सफारीची जिप्सी चालवतो म्हणे, कोणी काहीच नाही. मग तसं सेटिंग. गवतात जाणारे कमी झाले, असं नंदूभाऊंनीच मला सांगितलं. साळ्याच्या दुकानातलं स्टूल रिकामं झालं, त्याचा साळ्यालाही आनंद झाला असणार.

मी एवढंच शिकले, की सेटअपच्या पानावर गाडीच्या प्रत्येक भागाचा आकडा असतो, चालवणाऱ्याच्या पायाचा नसतो. त्यानंतर कोणी गिऱ्हाईक म्हणालं, गाडी खराब आहे, तर मी पान उघडायच्या आधी टेबलाखाली बसायची. पुढे माझेही गुडघे कुरकुरायला लागले. मग टेबलाखाली एक आरसा ठोकून घेतला.

सुताराने विचारलं, "बाई, इथी कायले आरसा?"

मी म्हटलं, "गाडीचा पार्ट आहे."