चाचांची बाई

कामशेतला आमच्या चाचांचं गॅरेज आहे. हात कायम ग्रीसनं माखलेले, म्हणून ते फोनला बोट लावत नाहीत, तोंडानंच सांगतात. फोनमधून बोलणारीला ते 'बाई' म्हणतात. गिऱ्हाइकांचे नंबर त्यांनी गाड्यांच्या नावानं ठेवलेत. मी म्हणजे लाल स्कूटी.

"बाई, हिरव्या टेम्पोला फोन लाव, जमलं तर." हे 'जमलं तर' ठरलेलं.

मी त्या बाईची हुबेहूब नक्कल करतो. "माफ करा, मला समजलं नाही," म्हटलं की चाचा हसतात. "लय चावट हायस. ती निदान कामं तरी करती."

परवा मी गॅरेजबाहेर वडापाव खात होतो. शेजारी कंप्रेसर धडधडत होता. खिशातला फोन वाजला. बघतो तर चाचा! आत बसून मला फोन? मी बाईच्या आवाजात म्हटलं, "नमस्कार, मी काय मदत करू?"

"जॅक सरकलाय," चाचा चहा मागवावा तसे म्हणाले. "हात गाडीखाली घावलाय. वरडलो, तुला ऐकू येईना. मग बाईला म्हनलं, लाल स्कूटीला लाव, जमलं तर."

वडापाव तिथंच पडला. शेजारच्या तिघांना हाक मारली आणि आम्ही चौघांनी मिळून गाडी उचलली. हात काळानिळा झालेला, पण बोटं हलत होती.

घाम पुसायच्या आधी चाचा फोनला म्हणाले, "बाई, लय उपकार झाले."

"माफ करा, मला समजलं नाही."

चाचा माझ्याकडं वळले. "तू सांग की तिला, तिच्याच आवाजात."

मी तोंड उघडलं. पण निघाला तो माझाच आवाज, "बाई, लय उपकार झाले."