वासंतीबाईंच्या ओळखीचा जंतू

खामगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात वासंतीबाई जीवशास्त्र शिकवत. जंतू औषधाला का जुमानत नाहीत हे सांगताना त्या म्हणत, "परीक्षेत कॉपीची चिठ्ठी फिरते ना, तसं आहे. एकाला उत्तर सापडलं की तो शेजारच्याला देतो." पोरं हसत, पण धडा लक्षात राही.

अळी लागू नये म्हणून जीन घालून केलेली बीटी कपाशीही गुलाबी बोंडअळीनं पोखरली, त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचे यजमान लक्ष्मीकांत मुतखड्यानं आडवे झाले. पोस्टातले कारकून, सहसा रजा न घेणारा माणूस. खडा निघाला, पण लघवीसाठी घातलेल्या नळीतून जंतू शिरले आणि ताप काही हटेना. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, "एक सोडलं तर कुठलंच औषध लागू पडत नाही. आणि त्या एकानं किडनी जाऊ शकते."

वासंतीबाईंना पुढचं विचारायची गरज नव्हती. इतकी औषधं निकामी करणारे जीन जंतूतल्या एका लहानशा कड्यावर एकत्र बसलेले असतात, आणि ते कडं एक जंतू दुसऱ्याला देतो. हे चित्र त्यांनी फळ्यावर कितीदा काढलं होतं.

थोरले दीर शालिग्राम पिंपळगाव राजाहून आले, अळी पडलेली कपाशीची पऱ्हाटी तशीच उभी टाकून. वॉर्डाबाहेरच्या बाकावर वासंतीबाईंकडून सगळं ऐकून घेत त्यांनी विचारलं, "म्हणजे बोंडअळीले बीटी पचलं, तसंच का हे?"

"तसंच, भाऊजी. अळीला वर्षं लागली, याला एक रात्र पुरते."

"मंग सरकीत जीन टाकता येते, तं ह्या जंतूतला काढता काऊन नाही येत? तू तं शिकवते न हे, वासंती?"

"बियाणं हातात घेऊन करता येतं, भाऊजी. हे जंतू कोट्यवधी आहेत, आणि तुमच्या भावाच्या रक्तात आहेत."

"कोनालेच नाही जमत?"

"आज तरी नाही."

आपला आवाज वर्गातल्यासारखाच निघाला, याची त्यांची त्यांनाच चीड आली.

ते शेवटचं औषध सुरू झालं. मध्ये ताप उतरला, तेव्हा लक्ष्मीकांतांनी चहा मागितला. म्हणाले, "तू कॉलेजले जात जा. पोरायचा अभ्यास बुडते." मग पायांवर सूज आली, लघवी बंद झाली, डायलिसिस लागलं. ताप पुन्हा चढला. वासंतीबाई हातमोजे घालून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिल्या. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गुरुवारी दुपारी ते गेले.

गाडी येईपर्यंत दोघं बाहेर पायरीवर बसले होते. शालिग्रामांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"ते जंतू तं मेले असतीन न आता? त्याच्यासंगं?"

वासंतीबाईंनी मागे वळून पाहिलं. दाराच्या काचेतून नर्स तेच हातमोजे घालून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना दिसत होती.

"हो," त्या म्हणाल्या.