एका दिवसाची हजेरी

जळगावला नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत मी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा बावीस वर्षांची होते. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. शाळा दाळमिलांच्या मागच्या अंगाला होती. चार खोल्या, पुढे व्हरांडा, आणि तुरीच्या टरफलांची धूळ सगळ्यांवर सारखीच बसायची.

माझ्याकडे तिसरी होती. हमालांची मुलं, रिक्षावाल्यांची, पिंजाऱ्यांची, तडव्यांची, रावेर-चोपड्याकडून शहरात आलेल्या कुणब्यांची, आणि पावसाळा संपला की सातपुड्याच्या पायथ्याहून मजुरीला उतरणाऱ्या कुटुंबांची. पुस्तकातल्या कोंबडीच्या चित्रावर बोट ठेवलं की वर्गातून चार-पाच वेगवेगळे शब्द यायचे, आणि मी फळ्यावर लिहायचे तो शब्द त्यांच्यातल्या कोणाच्याच घरचा नसायचा. सुरुवातीला मला याची मौज वाटायची. आमची शाळा म्हणजे सगळा खानदेश एका खोलीत, असं मी माहेरी सांगायचे.

एका फेब्रुवारीत पटपडताळणीचा कागद आला. पटावर जेवढी नावं तेवढी मुलं तपासणीला येणाऱ्या साहेबांना वर्गात दिसली पाहिजेत, नाहीतर एक शिक्षक कमी. माझ्या वर्गातली बरीच मुलं दिवाळीपासून आली नव्हती. कोणी ऊसतोडीला गेलं होतं, कोणी केळीच्या बागांत, सावद्याकडे.

हेडमास्तर निवृत्तीला आलेले. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. तापलेल्या पोराला सायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचे. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"बाई, तिसरीत सहा मुली कमी पडतायत. पोस्ट गेली तर शेवटी लागलेल्याची जाते. म्हणजे तुमची."

"मग काय करायचं, सर?"

"मिलमागच्या झोपड्यांत पोरी पुष्कळ आहेत. एक दिवसाचा प्रश्न आहे."

मी शाळेच्या शिपाई मावशींना घेऊन गेले. चौथीच्या मुलींकडून मागून आणलेले सहा युनिफॉर्म हातात होते. ज्या पोरीला ते अंगाला बसतील ती पोरगी आम्ही निवडली. वय, घर, काही विचारलं नाही.

त्यांतली एक नऊएक वर्षांची होती. तिचे आईबाप सातपुड्याकडचे, पण शहरात राहून अहिराणी बोलायला लागलेले. तिला मी पटावरच्या एका गैरहजर मुलीचं नाव सांगितलं आणि पाठ करायला लावलं.

ती म्हणाली, "माले नाव शे ना, बाई."

"आहे गं. पण आजपुरतं हे."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी स्वतः हजेरी घेतली. ते नाव आलं तेव्हा ती उभी राहून एवढ्या मोठ्यानं "हजर" म्हणाली, की साहेबांनी मान वर केली. तिला पुढे बोलावलं, अंक म्हणायला सांगितले. शाळेत ती कधी गेलेली नव्हती. पण आईबरोबर मिलवर पोती मोजून मोजून तिला शंभरापर्यंतचे अंक येत होते. न अडखळता तिनं सगळे म्हणून दाखवले.

"हुशार आहे," साहेब म्हणाले, आणि शेऱ्याच्या वहीत तसं लिहूनही टाकलं, त्या दुसऱ्या मुलीच्या नावासकट. हेडमास्तरांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. माझी नोकरी वाचली होती.

शाळा सुटल्यावर मी युनिफॉर्म परत घेतले. पाच पोरी कपडे बदलून पळाल्या. ही बटणं काढायला फार वेळ लावत होती. मला घरी जायचं होतं. शेवटी मीच काढली.

दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आधीच ती वर्गात येऊन बसली होती. अंगात तिचा स्वतःचा विटका झगा, डोक्याला तेल, केस चापून बसवलेले. कालच्याच जागेवर.

हेडमास्तरांनी दारातून पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. "काम झालंय बाई. घरी पाठवा तिला."

"सर, नाव दाखल करून घेऊ या. नाहीतरी मुली कमीच आहेत."

"कोणत्या नावानं? साहेबांनी काल तिला दुसऱ्या नावानं बघितलंय. शेरा लिहिलाय. उद्या खरं नाव सांगून बसली तर तुम्ही आणि मी दोघं घरी. जूनमध्ये बघू."

मी आत जाऊन तिला सांगितलं, जूनमध्ये ये.

तिनं विचारलं, "जून कधी येस, बाई?"

ती गेली नाही. व्हरांड्यात, माझ्या खिडकीखाली बसायला लागली. रोज. मी तिला एक फुटकी पाटी दिली. तीन आठवड्यांत ती अक्षरं ओळखायला लागली. मी फळ्यावर लिहिताना मुद्दाम खिडकीकडच्या बाजूला लिहायचे, आणि आपण फार मोठं काहीतरी करतोय असं मला वाटायचं. हेडमास्तर बघून न बघितल्यासारखं करत होते.

मग एक दिवस निरोप आला, साहेब दुपारी पगारपत्रकांसाठी येणार. हेडमास्तर काही बोलले नाहीत. नुसते माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी सांगितलं असतं तर आज मला त्यांच्यावर ढकलता आलं असतं. मीच उठले. व्हरांड्यात गेले.

"ऊठ. उद्यापासून इथं यायचं नाही."

"मी काय करं, बाई?"

"काही केलं नाहीस. ऊठ म्हणते ना!"

माझा आवाज चढला होता. वर्गातली मुलं खिडकीशी जमली. तिनं पाटी फरशीवर ठेवली, झग्याला हात पुसले आणि गेली. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत.

जूनमध्ये मी झोपड्यांकडे गेले. खोटं कशाला सांगू, नव्या वर्षाचा पट भरायचा होता, पण वाटेत तिचाच विचार होता. बाप दारात बसला होता. म्हणाला, "ती आते दाळमिलमा जास, मायसंगे. तिले काय कराना शे शाळामा?" मग आतून सहा वर्षांच्या मुलाला ओढत आणलं. "ह्या पोऱ्याले लई जा."

मी त्याला नेलं. मला एक नाव कमी पडत होतं.

पुढची चार वर्षं ती धाकट्या भावाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायची आणि तिथून मिलवर जायची. फाटकाच्या आत तिनं कधी पाऊल टाकलं नाही. पहिले काही दिवस मी हसून बघितलं. मग मुतारीकडच्या मागच्या दारानं यायला लागले.

हेडमास्तर निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, आणि गोरगरिबांच्या मुलांसाठी सर कसे झटले यावर मीच भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा मी तिला रेल्वेलाइनच्या पलीकडच्या खाजगी शाळेत घातलं. आमच्या शाळेतल्या एकाही शिक्षकाचं मूल आमच्या शाळेत नव्हतं. ते आम्हाला कोणी विचारत नसे, आणि आम्हीही एकमेकांना विचारत नसू.

नव्वदनंतर पट आणखी घसरला. हमालही पोटाला चिमटा काढून पोरं खाजगीत घालायला लागले. अखेर मी अतिरिक्त ठरलेच, आणि माझी बदली पिंप्राळ्याकडच्या शाळेत झाली. तिच्या त्या भावाचं चौथीनंतर काय झालं, मी चौकशी केली नाही.

पुढे एकदा शनिवारी बाजारात ती समोर आली. कडेवर मूल, अंगात तोच जुना किडकिडीतपणा. मीच थांबवलं.

"ओळखलंस का गं?"

"हो ना, बाई."

मी तिच्या मुलाच्या गालाला हात लावला. आणि मग इतकी वर्षं मनाशी घोकलेलं वाक्य तोंडातून निघालंच. "त्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं बघ."

तिनं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. रागानं नाही, चुकीचा पत्ता दुरुस्त करावा तसं म्हणाली, "व्हतं ना, बाई."

मग ती भाजीवालीकडे वळून वांगी निवडायला लागली.